माठाखालचं बी

द्रुपदामावशी कामाला सुरुवात करायच्या आधीच दमलेल्या असायच्या. सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत आल्या, की टाइम ऑफिसच्या पायरीवर बसायच्या, एक चप्पल काढून तळवा दाबायच्या आणि खिडकीतून मला म्हणायच्या, "ताई, मांडा माझी हजेरी. मी आले हाय. जीव मागनं येतोय."

मी तेव्हा शिरवळच्या त्या कारखान्यात हजेरी लिहिण्याचं काम करत होते. नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं. हायवेच्या कडेला नवेनवे कारखाने उभे राहत होते. मावशी कँटीनमध्ये भांडी घासायच्या आणि झाडलोट करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक लेक सांगलीला दिलेली. पहाटे उठून पाणी भरायचं, शेळीचं करायचं, भाकरी थापायच्या, मग दोन मैल चालत कामावर. त्यामुळे दमणं खरंच होतं, त्यात नाटक नव्हतं. "बसा हो थोडं," असं म्हटलं, की म्हणायच्या, "बसले तर उठायचं काम वाढतंय."

मावशींचं घर बौद्धवाडीत होतं. सासऱ्यांनी दीक्षा घेतलेली. भिंतीवर दोन तसबिरी आहेत, असं त्या अभिमानानं सांगायच्या. कँटीनमध्ये त्यांनी वाढायचं नाही, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण सगळ्यांना ठाऊक होतं. कँटीनचे सुपरवायझर जगताप गोड आवाजाचे गृहस्थ. मावशी पिंपाकडे वळल्या, की ते लगबगीनं पुढे व्हायचे. "राहू द्या मावशी, तुम्ही कशाला? मी भरतो की." मावशी तशाच मागे फिरायच्या.

एका वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आले आणि गेस्ट हाउसमध्ये राहिले. आमचं तिखट त्यांना सोसेना. उकडलेला बटाटा आणि पाव यांवर माणूस किती दिवस काढणार? महिन्याभरात त्यांच्या पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. त्यांच्या बायकोनं तिकडून लेट्यूसच्या बियांचं पाकीट पाठवलं. न वळलेल्या कोबीसारखी, झालरीच्या कडांची मोकळी पानं त्यावर छापलेली होती. माळ्यानं मेथीसारखं वाफ्यात पेरलं, वर बोटभर माती ओढली. ऑक्टोबरचं ऊन. काहीच उगवलं नाही. उरलेलं अर्धं पाकीट त्यानं कचऱ्यात टाकलं आणि झाडता झाडता ते मावशींना सापडलं.

"ह्याच्यावर काय लिवलंय, वाचा की," म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मलाही जर्मन कुठलं यायला? मावशींनी चार दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून पाहिली. "हे बी हाय का धूळ? ह्याच्यावर बोटभर माती टाकली त्या शान्यानं! आन् ह्या उन्हात? थंड मुलकातलं बी हाय, त्याला गारवा नगो?"

पुढचं सगळं त्यांच्या तोंडून रोज सकाळी खिडकीशी कळत गेलं. बी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी माठाखाली, पाणी झिरपतं तिथे ठेवलं. चौथ्या दिवशी पांढरे मोड दिसले. मग फुटक्या घमेल्यात आणि तेलाच्या कापलेल्या डब्यांत चाळलेली माती आणि शेणखत भरून त्यावर ते नुसतं टेकवलं, वर माती म्हणावी तर चिमूटभर. डबे घराच्या सावलीच्या बाजूला ठेवले. चिमण्या आणि कोंबड्यांसाठी वरून जुनं लुगडं ताणलं. दाट उगवलेली रोपं उपटून विरळ केली, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं होतं. "येकाला जगवायचं म्हंजे दुसऱ्याला उपटाय लागतंय," त्या म्हणाल्या.

दीड महिन्यानं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून पहिली पानं घेऊन आल्या. पोपटी, इतकी नाजूक, की धरायची भीती वाटावी. जगतापांनी ती गेस्ट हाउसवर पाठवली. इंजिनिअरसाहेबांनी ती मीठसुद्धा न लावता खाल्ली म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. मी विचारलं, "मावशी, रोज देणार कुठून? झाडं संपतील." त्या हसल्या. "भायेरची पानं तेवढी खुडायची. मधला कोंब राखायचा. आवं, दूध काढायचं असतंय, गाय कापायची न्हाई." स्वतः एक पान खाऊन बघितलं, तेव्हा मात्र तोंड वाकडं केलं. "ह्यात हाय काय? पानी! गोऱ्यांचं त्वांड लय गरीब."

जगतापांनी वर सांगून ठेवलं होतं, की पानं गावातल्या एका मळ्यातून येतात. महिनाभर निभावलं. मग ती मावशींच्या घरची आहेत हे कोणाला तरी कळलं, कुजबुज सुरू झाली. जगताप मावशींना म्हणाले, "उद्यापासून पानं नकोत, मावशी. लोक बोलतात. तुम्हाला कशाला त्रास?"

"बरं," मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या हातानं आल्या.

पुण्याहून मागवलेली पानं येईपर्यंत सुकून जायची. साहेबांचं जेवण पुन्हा बटाट्यावर आलं. आठवड्यानं मॅनेजरांनी जगतापांना बोलावून विचारलं, तुमचा तो मळा कुठे गेला? जगताप घाम पुसत माझ्या खिडकीशी आले. "ताई, तुमचं ऐकतील त्या. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. मावशी पायरीवर तळवा दाबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पानं हायत. पर आता माज्याच्यानं वझं आणणं हुत न्हाई. पायजे असली तर घरला येऊन न्या म्हणावं."

वझं कसलं? फडक्यात मावतील एवढी पानं! पण मी तसाच निरोप दिला. जगतापांचा चेहरा उतरला. संध्याकाळी सायकल घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी मावशींची वाटच बघत होते. "आलते का जगताप?"

"आलं की. दारात हुबं ऱ्हायलं. म्हटलं, बसा, खुडायला येळ लागतोय. बसलं. पानी दिलं. तांब्याकडं लय येळ बघत ऱ्हायलं."

"मग?"

"मग प्यालं."

"तुम्हाला काय वाटलं, मावशी?"

"काय वाटायचंय? तानेलं हुतं बिचारं. लांबनं आलतं." चप्पल पायात सरकवून त्या कामाला गेल्या.

त्यानंतर जगताप दर दोन दिवसांनी जात राहिले. पुढे पुढे चहाही घेत. कँटीनमध्ये मात्र पिंपाची जागा बदलली नाही आणि मावशींचीही नाही. फेब्रुवारीत मशीन सुरू झालं, साहेब गेले. उन्हं तापली, तसे लेट्यूसला उंच तुरे आले आणि पानं कडू झाली. मावशींनी ती शेळीला घातली. दोन वर्षांनी कँटीनचा कंत्राटदार बदलला. नव्या कंत्राटदारानं स्वतःची माणसं आणली. मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हाही त्या "बरं" एवढंच म्हणाल्या. शेळी विकून त्या लेकीकडे सांगलीला निघाल्या.

मी त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर गेले. दर जयंतीला त्या मला घरी बोलवायच्या. "खीर करते, ताई, या." मी दरवेळी "येते की" म्हणायचे. कधी घरी पाहुणे असायचे, कधी डोकं दुखायचं. माझ्या खोलीपासून त्यांचं घर पंधरा मिनिटांवर होतं. जगतापांना मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती! पण ते निदान गरजेपोटी का होईना, त्या दारात जाऊन बसले होते.

गाडी लागली. गाठोडं वर चढवताना मी म्हटलं, "मावशी, तुमच्या घरी यायचं राहूनच गेलं हो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सकाळी पायरीवर बसताना जसं बघायच्या, तसंच.

"ऱ्हाऊ द्या ताई," त्या म्हणाल्या, "मीबी बोलवून बोलवून दमले हुते."

आणि दांडीला धरून, एकेक पायरी थांबत, त्या गाडीत चढल्या.