तोरणाचा खिळा

नवऱ्याला मी शंभरदा बजावलं होतं, "यार, जुनं घर नको." पण न्यू जर्सीतल्या आमच्या गावातलं ते विटांचं, शेजारच्या घरांना खेटून उभं असलेलं घर बघितलं आणि साहेब पाघळले! घर संरक्षित. म्हणजे आत काय तो धुडगूस घाला, पण रस्त्याकडच्या बाजूला गावाच्या समितीला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. हे सासूबाईंना सांगायचं मी विसरले. चूक माझीच.

शनिवारी वास्तुशांत, सोमवारी त्यांचं परतीचं विमान. गुरुवारी आम्ही दोघं ऑफिसात असताना त्यांनी नागपूरहून आणलेला खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि दाराच्या चौकटीत हा जाडजूड खिळा ठोकला. तोरणासाठी! समोरच्या बाईंनी तत्परतेनं समितीला फोन केला. संध्याकाळी समितीचे पांढऱ्या मिशांचे आजोबा फाइल घेऊन दारात हजर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई मात्र ठाम. "मी का घर पाडलं बाप्पा? तोरण नाही, तर मी पूजेला बसत नाही."

आजोबा शिडीवर चढले. खिळा उपटला. संपलं, मी मनात म्हटलं. पण ते चौकटीवरून हात फिरवत बसले आणि मला वर बोलावलं. रंगाखाली बुजवलेली तीन भोकं होती. फाइलमधले जुने फोटो दाखवत त्यांनी सांगितलं, पहिलं बेकरीवाल्या जर्मन कुटुंबाचं, नाताळात पानांचं कडं लावायला. दुसरं आयरिश सुताराचं, घोड्याच्या नालेसाठी. तिसरं एका विधवेचं. मुलगा लढाईवर होता, तो येईपर्यंत तिनं तिथं झेंडा लावून ठेवला होता.

"चौथं आजचं, ते बुजवा," आजोबा म्हणाले. "नवीन भोक पाडायचं नाही. जुन्यातलं कुठलंही वापरा."

मी सगळं मराठीत सांगितलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "तो पोरगा आला का परत?"

आजोबा हसले. आला होता, म्हातारा होईपर्यंत याच घरात राहिला.

"मग माझं तोरण तिथंच."

शनिवारी सकाळी आंब्याची पानं घेऊन नवरा शिडीवर चढला. सासूबाई खालून म्हणाल्या, "घर चांगलं आहे रे. पण तूही येत जा घरी."

त्यानं तिसऱ्या भोकातलं बुजवलेलं खरवडून काढलं आणि खिळा टेकवला. बत्ता लागलाच नाही, खिळा अंगठ्यानंच आत गेला.