लोण्यावरची नजर

आयर्लंडमध्ये पर्यटकांसाठी जपलेल्या एका जुन्या शेतघरात तिथल्या आजीबाईंनी आम्हाला लोणी काढायचं उभं लाकडी पिंप दाखवलं. पूर्वी लोणी आलं नाही की गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीने चेटूक करून ते पळवलं, असं लोक मानत. म्हणून घुसळण चालू असताना घरात जो येई, त्याच्या हाती दांडा देऊन त्याला थोडं घुसळायला लावत. मग त्याची नजर बाधत नसे. माझी धाकटी जाऊ खुदकन हसली. "किती अडाणी लोक हो, ताई," ती मला म्हणाली.

काल मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. ती रवीने साय घुसळत होती. तेवढ्यात नवरा गेल्यापासून एकट्याच राहणाऱ्या शेजारच्या मालूताई विरजण मागायला आल्या. जावेने घाईघाईने पातेल्यावर ताट झाकलं, "संपलंय हो" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"मागे ही येऊन गेली, आणि लोणी आलंच नाही," ती मला हळूच म्हणाली.

तेव्हा साय फ्रीजमधून काढून तशीच गारढोण घुसळली होती, हे तिच्या पदवीधर डोक्यात शिरलं नाही. अडाणीपणा आपल्या ओट्यावर असतोच. त्याला हसायला मात्र आपण विमानाने जातो.

त्या अडाण्यांनी मालूताईंना निदान घरात घेतलं असतं.