चौथीच्या वर्गातला डास

सायली मॅडमला खुशीनं मारलं, असं चौथीचा आख्खा वर्ग म्हणतो.

खुशी नऊ वर्षांची आहे.

म्हणून आज लिहितोय. मॅडम गेल्या त्याला तेरा दिवस झाले आणि मला अजून रडूसुद्धा आलेलं नाही. ऑटो चालवतो, जेवतो, झोपतो. कानात कापूस घातल्यासारखं आहे सगळं.

मित्रांना माहीत आहे, मी बीएस्सी सेकंड इयरला अमरावतीचं कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे प्रॅक्टिकलच्या सरांची कॉलर धरली आणि परत गेलो नाही. तेव्हापासून अंजनगाव सुर्जी ते आमचं गाव, बाबांचा ऑटो.

मॅडम अकोल्याच्या. आमच्या गावच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका, चौथीला. अंजनगावात खोली करून राहायच्या. रोज सकाळी माझ्या ऑटोत, मागे, बायांच्या मधे.

दोन वर्षं मी आरशात पाहिलं. प्रेम होतं. बोललो कधीच नाही.

परिसंस्थेचा धडा आला तेव्हा मॅडमनी पुस्तक मिटलं आणि वर्ग शाळेमागच्या तळ्यावर नेला.
मला म्हणाल्या, "गौरव, रिकामाच आहेस ना? मग पोट्ट्यांना पाण्यात जाऊ देऊ नको."

म्हणून मी तो धडा पूर्ण पाहिला.

प्रत्येकाच्या गळ्यात एक पुठ्ठा. शेवाळ, गप्पी मासा, बेडूक, खंड्या, धामण.
धामण व्हायला मारामारी. डास व्हायला कोणीच तयार नाही.

तो पुठ्ठा खुशीच्या गळ्यात आला. ती रडायलाच लागली.
"मी नाही होत मच्छर. सारे मले मारतीन."

"बरं, नको होऊ. बस खाली," मॅडम म्हणाल्या.
मग बेडकाला म्हणाल्या, "तुझं जेवण बसलं. आता तूही बस."
बेडूक बसला. मासा बसला. मासा बसला म्हणून खंड्या बसला.
धामण झालेला पोट्टा अडून उभा. "मी काहून बसू?"
"बेडूक नाही तर खाशील काय? मुख्याध्यापकांचा डबा?"

पोट्टे लोळून हसले. शेवटी एकटं शेवाळ उभं राहिलं.

खुशीनं डोळे पुसले आणि उठली. तिच्यामागून सगळे उठले.
दिवसभर तिनं तो पुठ्ठा गळ्यातून काढला नाही.

आता माझं सांगतो.

उन्हाळ्यात मॅडमच्या खोलीला मी एक जुना कूलर आणून दिला होता. खिडकीबाहेर बसवला. त्याचं खालचं बूच जाम होतं, पकडीशिवाय निघत नव्हतं.

पाऊस लागला तशा मॅडम म्हणाल्या, "गौरव, कूलरमधलं पाणी काढून दे रे. मुलांना मीच शिकवते, डेंग्यूचा डास तळ्यात नाही, घरात साठवलेल्या पाण्यात होतो. आणि माझ्याच खिडकीत टाकी भरलेली."

"काढतो," म्हणालो.

शाळेपाशी उतरताना म्हणाल्या, "अन् ऐक, अकोल्याला माझं लग्न जमलं. दिवाळीनंतर आहे. तुला यायचंय."

मी पाणी काढायला गेलो नाही.
दुसऱ्या दिवसापासून ऑटो दुसऱ्या रस्त्याला लावला. पंधरा दिवस.
त्यांचे दोन मिस्ड कॉल आहेत मोबाइलमध्ये.

मग मॅडमला ताप. अमरावतीचं हॉस्पिटल. प्लेटलेट्स. पाच दिवस.

डॉक्टर म्हणाले, कोणता डास, कुठला, ते कोणी सांगू शकत नाही.
मला ते पुरत नाही.

परवा घरमालकानं मॅडमच्या खोलीची चावी दिली. तिथले मुलांचे पेपर शाळेत द्यायला गेलो. खुशी दिसली नाही. विचारलं.

धामण झालेलाच पोट्टा म्हणाला, "ते नाही येत आता. तिनं मॅडमले चावलं."

कोणी हसलं नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं.
मी हात उगारला. तुम्हाला माझा राग माहीत आहे. पण हात वरच राहिला. त्याला मारून काय होणार होतं?

खुशीच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "तुमीच सांगा भाऊ तिले काही. धड जेवत बी नाही पोट्टी."

खुशी ओट्यावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी उठाले नोको होतं. बसूनच राहाले पायजे होतं."

मी तिच्या बाजूला बसलो.
"खुशी, तो डास तळ्यातला नव्हता. मॅडमच्या कूलरमधला असेल. ते पाणी काढायचं काम माझं होतं."
"मंग काहून नाही काढलं?"
"राग आला होता."
"मच्छरचा?"
"मॅडमचा."
"मॅडमनं मारलं का तुमाले?"
"नाही."
"मंग?"

"शाळेत ये. तिथं सगळ्यांना हेच सांगतो," म्हणालो.

आज सकाळी चौथीच्या वर्गात उभा राहिलो आणि हेच सगळं सांगितलं. जसं इथं लिहिलं तसं. एकानं विचारलं, "आता रिकामा केला का कूलर?" म्हणालो, केला. दुसरा म्हणाला, "आमच्या घरी बी हाय." बस, एवढंच.

खुशी तिच्या जागेवर होती. बाजू रिकामी होती. मधल्या सुट्टीनंतर तो धामणवाला पोट्टा आपलं दप्तर घेऊन तिच्याजवळ जाऊन बसला. ती थोडी सरकली.

मग अकोल्याला मॅडमच्या बाबांना फोन केला. त्यांनाही सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही. मागे कुकरची शिटी झाली. मग म्हणाले, "खोलीला कुलूप लाव बेटा. चावी घेऊन ये रविवारी."

जाणार आहे. ते काय बोलतील ते ऐकून घेणार आहे.

कमेंटमध्ये कोणी "तुझी चूक नाही भाऊ" लिहू नका.

मॅडम, खुशी आज शाळेत आली.

निरोप घेतो. मनापासून श्रद्धांजली.

तुमचा ऑटोवाला,
गौरव