अर्धी दाढी आणि गोव्याचं हॉटेल

दुसरबीडला माझी दाढी करणारे काका नको असलेला फोनही कधी कट करत नाहीत. माझ्या गळ्यावर वस्तरा मात्र तसाच थांबवतात. दरवर्षी आठ दिवस गोव्याच्या हॉटेलात राहायची मेंबरशिप विकणाऱ्या पोरींचे फोन त्यांना सारखे येतात.

"हॉटेल राहू दे पोरी, तुयं लगन झालं काय? आमच्या भाच्याले पोरगी पाहून राह्यलो. बागायती वावर हाय, दोन विहिरी हायेत!"

पलीकडची घाईने फोन ठेवते.

"पाह्यलं? असे बंद करा लागतात हे फोन," म्हणत ते माझी उरलेली दाढी उरकतात.

परवा मलाही तसाच फोन आला. मीही लगेच त्यांच्या भाच्याचं स्थळ पुढे केलं.

पोरगी म्हणाली, "ते दोन विहिरीवाले का? काकांना विचारा ना, उन्हाळ्यात पाणी टिकतं का? बाबा विचारत होते."