आखाजीच्या दुपारी उचलून नेलेले डॉक्टर

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हेही सांगता येत नाही. आखाजीच्या त्या दुपारचं मात्र तसं झालेलं नाही. त्या दिवशीचं ऊनसुद्धा मला आठवतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धरणगावच्या बाजूला एका लहान पोलीस ठाण्यात मी फौजदार म्हणून नवाच रुजू झालो होतो. कौलारू इमारत, पुढे लिंबाचं झाड, एक जुनी जीप आणि लागला तर लागला असा एक फोन. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशात माहेरवाशिणींचा सण. झाडाझाडाला झोके, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या, पारावर पत्त्यांचे डाव. त्या दिवशी दुकानं बंद आणि दवाखानेही बंद. ठाण्यातले निम्मे लोक रजेवर होते. मी, ठाणे अंमलदार, ड्रायव्हर आणि एक जुने हवालदार, एवढेच हजर. हवालदारांना सगळे नाना म्हणत. मीही म्हणायचो, ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

दुपारी बाराच्या सुमारास गावातल्या डॉक्टरांच्या पत्नी अनवाणी धावत ठाण्यात आल्या.

"साहेब, माझ्या मिस्टरांना उचलून नेलं! दोघं होते. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. कॉलर धरून जीपमध्ये घातलं त्यांना."

डॉक्टर मध्यमवयीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दवाखाना पुढे, राहणं मागे. भांडण? नाही. जमिनीचा वाद? नाही. बाईंना त्या दोघांचे चेहरेही नीट सांगता येईनात. मी त्यांची फिर्याद लिहून घ्यायला लावली, अपहरणाचा गुन्हा नोंदवला, जिल्ह्याला फोन लावायला सांगितलं आणि नानांना घेऊन बाहेर पडलो.

दवाखान्याचं मागचं दार बिजागरीतून उखडलेलं होतं. जेवणाची दोन ताटं वाढून ठेवलेली होती. वरणावर साय धरली होती. पंचनामा करायला पंच मिळेनात, कारण गल्लीतली माणसं दारं लावून बसलेली. रस्त्यांवर शोध घेत आम्ही तासभर फिरलो. हाती काही लागलं नाही.

ठाण्यावर परतलो तेवढ्यात बसस्टँडवरचा चहावाला सायकल मारत आला. हा आमचा जुना खबऱ्या. सण असला तरी त्याचे डोळे उघडे असायचे.

"साहेब, ती जीप परत आलीय. दवाखान्याच्या मागं उभी आहे."

आम्ही पोहोचलो तेव्हा पंचविशीतला एक शेतकरी मागच्या दारातून बाहेर पडत होता. आम्हाला पाहून तो जागीच थिजला. झडती घेतली तर खिशात डॉक्टरांच्याच किल्ल्यांचा जुडगा निघाला. एका हाताची मूठ त्याने घट्ट मिटलेली होती.

"डॉक्टर कुठे आहेत?"

त्याने जीपकडे पाहिलं.

"जिवंत आहेत ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. पुढे एक शब्द नाही. "साहेब, मला अर्धा तास सोडा, मी पळून नाही जात," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी तरुण होतो, खुर्ची नवी होती. माणूस बोलत नाही म्हणजे तो लपवतोय, आणि लपवतोय म्हणजे गुन्हेगार, असा माझा सरळ हिशेब. मी त्याला दोन थपडा लगावल्या. तो रडला नाही. मिटलेली मूठ तेवढी छातीशी धरून राहिला.

नाना पुढे झाले. त्यांनी हळूच त्याची बोटं सोडवली. आत ओल्या रुमालात गुंडाळलेल्या काचेच्या दोन लहान बाटल्या होत्या. नानांनी एक उन्हात धरून पाहिली.

"साहेब, हे सापाचं इंजेक्शन आहे."

मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याच्याच बोलीत म्हणाले, "कोनले साप चावना रे भाऊ?"

तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला. "मनी बहीनले, नाना! तुम्हीन डॉक्टरले ली जाशात, मंग मनी बहीन मरी जाई."

दवाखान्यातलं इंजेक्शन आणायला डॉक्टरांनीच त्याला किल्ल्या देऊन पाठवलं होतं. म्हणून तो बोलत नव्हता. पत्ता सांगितला की पोलीस डॉक्टरांना सोडवून नेतील आणि बहीण तशीच पडून राहील, ही त्याची भीती. आणि खरं सांगतो, मी नेमकं तेच केलं असतं.

"डॉक्टरांना नाही, तुझ्या बहिणीला नेऊ," मी म्हणालो. "चल, रस्ता दाखव."

त्याचा मळा तीन-चार किलोमीटरवर होता. बहीण सणाला माहेरी आलेली. खापर तापवायला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून सरपण काढत होती, तेव्हा नागाने हाताला दंश केला. मळ्यातल्या छपराखाली ती बाजेवर पडली होती. पापण्या खाली आलेल्या, ओठ निळसर. तो दुसरा, त्याचा चुलत भाऊ, कुऱ्हाड टाकून कोपऱ्यात उभा होता. डॉक्टर बनियनवर, घामाने निथळलेले. सोबत उचलून आणलेल्या त्यांच्या बॅगेतला मास्क तिच्या तोंडावर धरून त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबत होते. तिचा श्वास तेवढ्यावरच चालू होता.

मला पाहून ते म्हणाले, "साहेब, चौकशी नंतर. आधी गाडीची मागची जागा मोकळी करा. हिला जळगावला न्यायला हवं."

त्या बाटल्यांतलं औषध त्यांनी तिथेच दिलं. जीपमध्ये तिचं डोकं नानांच्या मांडीवर, शेजारी डॉक्टर, पायाशी भाऊ आणि मी. वाटेत डॉक्टरांच्या हाताला गोळे येऊ लागले. त्यांनी भावाला शिकवलं, "एक, दोन, तीन, दाब. घाई करायची नाही. तुझा श्वास चालतो तसा." भावानंतर मी दाबली, मग नानांनी. आरोपी, फिर्यादीचा नवरा आणि पोलीस आळीपाळीने एका बाईचा श्वास चालू ठेवत होतो.

मध्ये रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते बंद. मालगाडी यायची होती. मी उतरून गेटमनला दरडावलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, गाडी सुटलीय. फाटक उघडलं तर सगळेच जाल." बरोबर होतं त्याचं. मी परत येऊन बसलो. मालगाडीचे डबे संपता संपेनात. जीपमध्ये भाऊ मोजत होता, "एक, दोन, तीन."

जळगावच्या दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. चौथ्या दिवशी ती डोळे उघडून बोलली. व्हरांड्यात मी तिच्या भावाला म्हणालो, "त्या दिवशी हात उचलला, चुकलं माझं." तो गोंधळून म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब."

पण कागदावर गुन्हा उभाच होता. डॉक्टरांनी जबाब दिला, "मी स्वखुशीने गेलो." दाराचं विचारलं तर म्हणाले, "जुनंच होतं." मी त्या दोघा भावांनाही जामिनावर सोडलं आणि सी समरी पाठवायचं ठरवलं. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा तो अहवाल. त्यावर फिर्यादीचं म्हणणं घ्यावं लागतं. फिर्यादी होत्या डॉक्टरांच्या पत्नी.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"गैरसमज कसला साहेब? माझ्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड दाखवून नेलं त्यांना. ते परत येईपर्यंत माझं काय झालं, हे कुणी विचारलं?"

खरोखरच कुणी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी डॉक्टर सुखरूप आहेत असा निरोपसुद्धा मी उशिरा पाठवला होता.

त्या पुन्हा बोलल्या, आता आवाज खाली गेलेला. "एक गोष्ट मी फिर्यादीत सांगितली नाही. ती मुलं आधी साधेपणाने आली होती. दार वाजवलं, हात जोडले. मीच खिडकीतून सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. हे आत अंघोळ उरकून कपडे घालत होते, यांना पत्ताही नव्हता. वर्षातून एक दिवस माणूस घरी निवांत जेवेल, एवढंच मनात होतं. तेवढ्यात यांचा आवाज त्यांनी ऐकला, आणि मग दार तोडलं."

सही त्यांनी त्या दिवशी केली नाही. "ती बाई बरी होऊन घरी आली की तिला घेऊन या," म्हणाल्या.

पंधरा-वीस दिवसांनी मी भाऊ-बहिणीला घेऊन गेलो. भाऊ ओट्याखालीच उभा राहिला. "अक्का, मनं चुकनं," एवढंच त्याला म्हणता आलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या सरळ त्याच्या बहिणीजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन दंशाची जागा बघत राहिल्या.

"जेवण जातं का आता?"

"जाते अक्का, थोडं थोडं."

"मग बस. ताट वाढते."

ती जेवली. बाई शेजारी बसून होत्या. नंतर हात पुसून त्यांनी कागद मागितला आणि सही केली. भावाशी त्या शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा राग खरा होता आणि तो धरून ठेवायचा त्यांना अधिकार होता, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर बदल्या होत गेल्या, ठाणी बदलली. कायदा मी पुस्तकातून शिकलो होतो. माणसाला काय विचारायचं, ते नानांनी मला एका वाक्यात शिकवलं. तोवर ठाण्यात कुणीही आलं की मी आधी नाव, गाव, जात विचारायचो. पुढे प्रत्येक ठाण्यात माझा पहिला प्रश्न एकच राहिला, "काय झालंय?" आणि रविवार असो की सण, दारात आलेल्या माणसाला "साहेब नाहीत" म्हणून कुणी परत पाठवायचं नाही, ही सूचना मी रुजू होताना पहिल्याच दिवशी द्यायचो. माझ्या घरच्यांची त्यामुळे बरीच गैरसोय झाली. सणाला वाढलेली किती ताटं माझ्यामुळे गार झाली असतील, आणि मागे बसून कुणी किती वाट पाहिली असेल, हे मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा बायकोला विचारलं.