ह्यांनी आणून ठेवलेलं वाण

सगळ्यात आधी आली ती परबीण!

होय, चौथ्या माळ्यावरची. तीच, जिने तीन दिवसांपूर्वी फोन करून मला सुनावलं होतं, "अगं, नवरा गेलेल्या बाईने हळदीकुंकू करायचं नसतं. लोक काय म्हणतील?"

पाचचं बोलावणं होतं. सव्वापाच झाले तरी दार वाजलं नव्हतं. सून दोनदा म्हणाली, "आई, मसाला दूध गार होतंय."
म्हटलं, होऊ दे गो.
नजर मात्र दारावर.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. तिथीने श्राद्ध पोरांनी केलं. तारखेचा दिवस माझा होता.

डॉक्टरांनी सहा महिने सांगितले तेव्हा मी आठवडाभर बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. हे बाहेरून दार ठोकायचे.
"गो, पाणी एकच तास येता. रडाचा आसात तर भायर ये, टाकी रिकामी करू नको!"

शेवटी मी बाहेर आले. दोघं पलंगावर बसून मनसोक्त रडलो.
मग हे म्हणाले, "झाला? आता चाय हाड." मी चहा ठेवला.

त्या दिवसापासून घरात चोरून रडणं बंद. रडायचं तर समोर, हसायचं तर मोठ्याने. केमोने केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाले, "आता मी भटजी दिसतंय मां?"

भेटायला येणारे सगळे शहाळीच आणायचे. एवढी झाली की मी मलईच्या वड्या केल्या. झकास होतात, साखर फक्त बेताने घाला. असो.

संक्रांत जवळ आली तसे म्हणाले, "ह्या वर्षी वाण मी ठरवतलंय."
हे आणि वाण! चाळीस वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी हे घरातून पळून जायचे.

नातीच्या मोबाइलवरून काय मागवलं असेल?
गोळ्यांच्या डब्या!
सोमवार ते रविवार सात खण. त्यांच्या उशाशी असायची ना, तसल्याच. खोकाभर.

"अहो, डबीचं वाण कोण देतं? बायका हसतील मला."
"हसू देत. सगळ्यांका बीपी, सगळ्यांका शुगर, आणि गोळी घेतली काय नाय ता एकीकय आठवत नाय."

मग डबी मिटत म्हणाले, "आणि मी नसलंय तरी तू हळदीकुंकू करूचा. घोव मेलो म्हणान मैत्रिणी पण मेल्यो काय?"

हळदीकुंकवाच्या चार दिवस आधी गेले.
खोकं पोटमाळ्यावर गेलं. वर्षभर मी तिकडे मान वर करून बघितलं नाही.
गेल्या आठवड्यात मीच स्टूल घेऊन चढले. (सून ओरडली. तो विषय वेगळा.)

तर परबीण.
दारात उभी, साडी अशी की लग्नालाच चाललीय. मीही तयारीत. भांडायला आली असेल तर आज सोडणार नव्हते तिला.

ती म्हणाली, "एकटी नाय आले."

मागे वैशाली. तिची लेक, कांदिवलीला असते. तीन वर्षांपूर्वी जावई गेले, तेव्हापासून ही पोर एका हळदीकुंकवाला गेली नव्हती. आई नेतच नव्हती.

"तुला फोनवर बोलले ना, तेव्हा ही बाजूलाच बसलेली," परबीण म्हणाली. "फोन ठेवला तर मला विचारते, आई, हे तू मलाच बोललीस ना?"

आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "आत ये आधी. दारात काय रडतेस?"

वैशाली हळूच म्हणाली, "काकू, मी लावू तुम्हाला?"
तीन वर्षांत सवय गेलेली, निम्मं कुंकू माझ्या नाकावर.
तिने मला लावलं. मी तिला लावलं.
दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

तेवढ्यात परबीण कपाळ पुढे करून, "आणि मला कोण लावणार? मी काय फोटो काढायला आलेय इथे?"

मग तिनेच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, "मी पोचले. बाकीच्या कुठे मेल्या?"

दहा मिनिटांत चपला जिन्यापर्यंत! दूध दोनदा गरम करावं लागलं. नाहूरहून माझी बहीण आली, सासूला धरून आली. डब्या बघून आधी सगळ्या हसल्या, मग प्रत्येकीने हक्काने मागून घेतली. एकीने तर तिथेच पर्समधल्या गोळ्या काढून खणात भरायला सुरुवात केली.
सगळ्या डब्या संपल्या.

मी रडले का? रडले ना! सगळ्यांच्या समोर, दुधाचा ग्लास हातात घेऊन. पण हसतही होते.

अहो, जिंकलात तुम्ही.
मी पण.

आता पाय दुखतायत, जरा पडते. तुम्ही जिथे असाल तिथे मजेत राहा.

परबीण आणि वैशाली शनिवारी चार वाजता चहाला परत येतायत. दोघी आपणहून बोलून गेल्यात.