पडद्याला कळवलं का?

"पडद्याला कळवलं का?" हे मॅडमचं ठरलेलं वाक्य. पडदा म्हणजे मोबाइलची स्क्रीन. टेबलावर दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एकावरचा आकडा बदलायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून दुसऱ्याकडे टक लावून बसायच्या. दुधावर लक्ष ठेवावं तशा. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या. रक्तपेढ्यांचं अ‍ॅप त्यांनीच लिहिलेलं. कुठल्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते लोकांना मोबाइलवर दिसायचं.

पण ती सवय कशासाठी, ते मला एका दुपारी कळलं, आणि मग माझं हसू थांबलं. मी नवीन असतानाची गोष्ट. फोन आला, मॅडमनी उचलला. इगतपुरीकडचा माणूस होता, बायको नाशिकला बाळंतपणासाठी दाखल.

"ताई, तुमच्या अ‍ॅपात दोन पिशव्या दिसत्यात. इथं पेढीवर आलो, तर नाय म्हणत्यात!"

मॅडमचा चेहरा उतरला. पिशव्या सकाळीच गेल्या होत्या. पेढीने तशी नोंदही केली होती. याच्या पडद्यावर मात्र जुनाच आकडा.

"दादा, तिथंच थांबा. फोन ठेवू नका."

दुसऱ्या फोनवरून त्यांनी एकेक पेढी गाठायला सुरुवात केली. पंचवटीत एक पिशवी निघाली. "तुमच्या नावाने ठेवायला सांगितलीय. निघा!"

मग नुसती वाट बघणं. चहा गार झाला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मुलगी झाली ताई. दोघी बऱ्या हायेत." मॅडम गॅलरीत गेल्या आणि डोळे पुसून परत आल्या.

"सर्व्हर स्लो असेल," ऑफिसचे साहेब म्हणाले.

"सर्व्हर नाही. कोड माझा आहे, चूक माझी आहे."

अ‍ॅपातला प्रत्येक पडदा उघडताना आकड्याची स्वतःची नक्कल करून घेत होता आणि तीच धरून बसत होता. मॅडमनी रात्रभर जागून ते सगळं उपसून काढलं. आकडा एकाच ठिकाणी ठेवला, प्रत्येक पडद्याला त्याच्याशी जोडून दिलं. "आता कुणी विचारत बसायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "आकडा बदलला की तोच सगळ्यांना हाक मारेल."

मी माझ्या मोबाइलवर एक पिशवी कमी केली. त्यांच्या मोबाइलवर आकडा तिथल्या तिथे बदलला. मॅडमनी इतका मोठा श्वास सोडला, की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

आता त्या लेकीकडे पुण्याला असतात. मला त्या आठवतात, ते काम संपवल्यानंतरच्या दुपारी. खुर्चीतच मान कलती करून गाढ झोपलेल्या. फोन वाजला, तेव्हा साहेब स्वतः पाय न वाजवता चालत आले, रिसीव्हर उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जरा वेळाने करा."